बंब उशिरा का पोहोचतो? छोट्या शहराचं अग्निशमन दल समजून घेताना

आगीच्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य बहुतेक वेळा सापडतं: "अग्निशमन दलाचा बंब उशिरा पोहोचल्याने दुकान जळून खाक झाले." वाचणारा हळहळतो, नगरपालिकेला दोन शब्द सुनावतो आणि पुढे जातो. त्या वाक्यात कधी कधी पूर्ण तथ्य असतं. पण उशीर कुठून मोजला, तो कोणत्या टप्प्यावर झाला आणि बंब आणखी पाच मिनिटं आधी आला असता तर काय वाचलं असतं, हा हिशेब बातमीत नसतो.

मुंबई-पुण्याच्या दलांकडे उंच शिड्या आहेत, अनेक केंद्रं आहेत, त्यांच्याबद्दल लिहिलंही जातं. महाराष्ट्रातल्या पन्नास हजार, लाख वस्तीच्या शहरात मात्र बऱ्याचदा एकच केंद्र, एक-दोन बंब आणि मोजकी माणसं असतात. एवढ्या बळावर एक शहर आणि भोवतालची खेडी सांभाळली जातात. ती कशी, हे कळलं तर तक्रार कुठे करायची हेही कळतं. आणि तक्रार करायलाच हवी, फक्त योग्य जागी.

हे दल कोणाचं?

पोलीस राज्य सरकारचे असतात, म्हणून लोकांना वाटतं की अग्निशमन दलही राज्याचंच असणार. तसं नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा कामांची ती यादी आहे आणि तिच्यात अग्निशमन सेवेचं नाव आहे. महाराष्ट्रात बंब, केंद्र आणि जवान हे महापालिकेचे किंवा नगरपरिषदेचे असतात. राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि तांत्रिक देखरेख करतं. औद्योगिक वसाहतींमध्ये एमआयडीसीची स्वतःची केंद्रं असतात.

या रचनेचा परिणाम सरळ आहे. ज्या नगरपरिषदेची तिजोरी भरलेली, तिचं दल बरं. जिथे कर्मचाऱ्यांचे पगार भागवतानाच ओढाताण होते, तिथे बंब जुना आणि पदं रिकामी. अनेक शहरांत घरपट्टीच्या बिलावर अग्निशमन कर म्हणून वेगळी ओळ असते. पुढच्या वेळी बिल आलं की ती शोधा. रक्कम किरकोळ असेल, पण या सेवेवरचा तुमचा हक्क त्या ओळीत लिहिलेला आहे.

आग वाढते कशी

आगीला तीन गोष्टी लागतात: जळायला काहीतरी, हवेतला ऑक्सिजन आणि पुरेशी उष्णता. यातली एक काढून घेतली की आग विझते. पाणी मुख्यतः उष्णता काढून घेतं, फेस हवा तोडतो, गॅसचा कॉक बंद केला की जळायला काही उरत नाही. अग्निशमनाचं सगळं शास्त्र या तीन वाटांवर चालतं.

लोकांची फसगत होते ती आगीच्या वेगात. आग एकसारख्या गतीने वाढेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बंद खोलीतली आग चुलीवरच्या दुधासारखी वागते. बराच वेळ काही होत नाहीसं वाटतं, आणि मग एका क्षणात सगळं वर येतं. कोपऱ्यात पडदा किंवा गादी जळत असते, तिचा तप्त धूर छताखाली साचत जातो. त्या थराचं तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोहोचलं की त्याच्या धगीने खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. या टप्प्याला जवान फ्लॅशओव्हर म्हणतात. फोमच्या गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, कृत्रिम धाग्याचे पडदे असलेली खोली चाचण्यांमध्ये पाच मिनिटांच्या आतही या टप्प्याला पोहोचलेली आहे. त्याआधी बादलीभर पाण्याने किंवा एका अग्निशामक नळकांड्याने भागू शकतं. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहत नाही आणि दलाचं काम शेजारच्या खोल्या वाचवण्याचं होतं.

ज्वाळेपेक्षा धूर जास्त जीव घेतो, हेही इथेच सांगायला हवं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस भाजण्याच्या कितीतरी आधी त्याची शुद्ध हरपते, आणि झोपेत असेल तर जागच येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. त्या दहांपैकी सात जणांचा जीव धुराने गुदमरून गेला, असं आरोग्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितलं होतं. धुरात अडकलं तर जमिनीलगत सरपटत बाहेर पडायचं आणि मागे दार ओढून घ्यायचं, ते यासाठीच. बंद दार धूर आणि हवा दोन्ही अडवतं, साधं लाकडी दारसुद्धा.

उशीर नेमका कुठे होतो?

आग लागल्यापासून पाण्याचा पहिला मारा होईपर्यंतचा वेळ पाच तुकड्यांत मोडतो. आग कोणाच्या तरी लक्षात येणं. फोन करणं. केंद्रातून बंब निघणं. रस्ता कापणं. आणि पोहोचल्यावर होज पाइप पसरून पंप सुरू करणं. यातले तिसरा आणि पाचवा तुकडा पूर्णपणे जवानांच्या हातात असतात. प्रशिक्षित तुकडी वर्दी मिळाल्यावर मिनिट-दीड मिनिटात केंद्राबाहेर पडते. आगीचा किंवा अपघाताचा निरोप केंद्रावर येणं म्हणजे वर्दी. या खात्यात सगळी नोंद वर्दीच्या वेळेपासून होते.

मात्र जळणाऱ्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाचं घड्याळ वर्दीपासून सुरू होत नाही, धूर दिसल्यापासून सुरू होतं. मधली मिनिटं जातात कुठे? आधी घरातलेच बादल्या घेऊन धावतात. मग शेजाऱ्याला हाक, मालकाला फोन, ओळखीच्या नगरसेवकाला फोन, आणि तो केंद्रावर कळवतो. प्रत्येक जण मदतच करत असतो, पण केंद्राला निरोप चौथ्या-पाचव्या हाती पोहोचतो. पहिला फोन केंद्राला आणि मग बादली, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. आग तुम्हीच विझवलीत आणि बंब रिकामा परत गेला, तर कोणाचंही काही बिघडत नाही.

नंबर १०१ आहे. ११२ लावला तर कॉल आधी राज्याच्या केंद्रात घेतला जातो आणि तिथून पुढे दिला जातो, म्हणून शहराचं नाव सगळ्यात आधी सांगायचं. आपल्या केंद्राचा थेट नंबरही मोबाइलमध्ये असावा. छोट्या शहरात तोच सगळ्यात जवळचा रस्ता. फोनवर सांगायचं ते असं: शहर, पेठ किंवा कॉलनी, जवळची ठळक खूण, काय जळतंय, आत कोणी आहे का, सिलिंडर आहेत का. मग फोन ठेवून एकाने मुख्य रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. जुन्या पेठांमध्ये घरक्रमांक पाहून कोणी घर शोधत नाही, आणि रात्री दोन वाजता रस्ता विचारायला कोणी भेटत नाही.

रस्त्याचं दुखणं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. साडेचार हजार लिटरच्या बंबात फक्त पाण्याचंच वजन साडेचार टन. गाडी, पंप, माणसं धरून हे धूड जुन्या गल्लीच्या वळणावर वळवायचं असतं. दोन्ही बाजूंना दुचाकी, ओट्यापुढे वाढवलेले पत्रे, खाली आलेल्या केबल, आणि आठवडी बाजाराचा दिवस असेल तर बोलायलाच नको. मग बंब चौकात थांबतो आणि तिथून होज पाइप जोडत नेले जातात. एक पाइप साधारण १५ किंवा ३० मीटरचा. दीडशे मीटर आत जायचं तर पाच ते दहा पाइप जोडायचे, आणि लांबी वाढेल तसा टोकाचा दाब घटतो. या मिनिटांचा दोष दलाच्या माथी मारणं मला पटत नाही. ज्यांनी पत्रा पुढे ओढला आणि ज्यांनी तो ओढू दिला, त्यांच्याकडे ही मिनिटं जातात.

"आला आणि पाच मिनिटांत पाणी संपलं!"

ही तक्रार ऐकली की वाटतं, टाकी अर्धीच भरून आणली असणार. आधी गणित करून पाहू. टाकीत साडेचार हजार लिटर. एका पाइपातून मिनिटाला साडेचारशे लिटर सोडले तर दहा मिनिटं. दोन पाइप लावले तर पाच. म्हणजे पाच मिनिटांत पाणी संपणं हे दोन बाजूंनी जोरात मारा झाल्याचं लक्षणही असू शकतं.

दहा मिनिटांचं पाणी पुरेल का, हे आग कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं. पाण्याची खरी ताकद वाफ होण्यात आहे. एक लिटर पाणी तापून वाफ होताना सुमारे अडीच हजार किलोज्युल उष्णता ओढून घेतं, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या साधारण १७०० पट जागा व्यापून हवाही बाजूला सारते. म्हणून अनुभवी जवान बंद खोलीत धो-धो धार न सोडता तुषार मारतात. बारीक थेंबांची वाफ लवकर होते. जमिनीवरून वाहून गेलेलं पाणी आगीच्या दृष्टीने वाया गेलं. छोट्या गल्ल्यांसाठी कमी पाण्यात दाट फवारा मारणारी लहान वाहनं काही नगरपरिषदांनी घेतली आहेत, त्यामागे हाच विचार आहे.

टाकी रिकामी झाल्यावर पुढचं पाणी कुठून आणायचं, हा छोट्या शहराचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. मोठ्या शहरात रस्त्यालगत हायड्रंट असतात, म्हणजे जलवाहिनीला थेट पाइप जोडायची सोय. लहान शहरात ते असले तरी पाणीपुरवठा दिवसाआड किंवा त्याहून विरळ असेल तर त्यांत दाब नसतो. मग बंब जलकुंभाकडे पळतो, किंवा विहीर, तलाव, नदी शोधतो. इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. पंप पाणी ओढतो म्हणजे प्रत्यक्षात हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो, आणि व्यवहारात सात-साडेसात मीटरपेक्षा खोल गेलेलं पाणी बंबाच्या पंपाने वर घेता येत नाही. एप्रिल-मे मध्ये विहिरींची पातळी याच्या कितीतरी खाली गेलेली असते. आगी जास्त लागतात त्या दिवसांतच भरण्याच्या जागा कमी होतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर कोणत्या जागी किती मिनिटांत टाकी भरता येते याची पाहणी करून यादी केंद्रात लावलेली असणं, हे मला नव्या बंबाइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी जवळपास काहीच खर्च नाही.

पाणी मारू नये तेव्हा

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. पाणी तेलाहून जड, ते तळाशी जातं, तिथे क्षणात वाफ होते आणि ती वाफ जळतं तेल चौफेर उडवते. शेगडी बंद करायची आणि झाकण ठेवायचं. विजेच्या उपकरणाला आग असेल तर आधी मेन स्विच.

सिलिंडरची भीती सगळ्यांना असते, माहिती थोड्यांना. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला की तो खाली, फरशीलगत पसरतो, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. वास आला तर दिवा लावायचा नाही आणि बंदही करायचा नाही. दोन्ही वेळा स्विचमध्ये ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, आणि बाहेर आल्यावर १९०६ या गॅसगळतीच्या नंबरवर फोन.

सिलिंडरच्या तोंडाशीच गॅस जळत असेल तेव्हा जवान ती ज्वाला घाईने विझवत नाहीत. बघ्यांना हा निष्काळजीपणा वाटतो. पण गॅस बंद न करता ज्वाला विझवली तर तो न जळता खोलीभर साचतो आणि पुढच्या ठिणगीला खोलीच उडते. जळतोय तोवर तो कुठे आहे ते निदान दिसतं. म्हणून आधी सिलिंडरवर पाणी मारून तो थंड ठेवायचा, मग गॅस तोडायचा. एखादा जवान आगीवर न मारता कोपऱ्यातल्या सिलिंडरवर पाणी मारताना दिसला, तर तो काय करतोय हे आता तुम्हाला कळेल.

"दिवसभर बसूनच तर असतात"

समजा बंबावर चालक धरून पाच माणसं हवीत. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर चार. पाच जागांना वीस. एका बंबासाठी वीस माणसं हे ऐकून सभागृहात भुवया उंचावतात, पण गणित तेवढंच सांगतं. अनेक नगरपरिषदांत ही संख्या नसते. मग कंत्राटी मुलं घेतली जातात, दुसऱ्या विभागातला कर्मचारी इकडे धाडला जातो, आणि रात्रपाळीला बंबावर दोघंतिघं उरतात. तिघांत एक चालक, तो पंप सोडू शकत नाही. उरलेल्या दोघांनी पाइप धरायचा की आत अडकलेल्याला आणायचं?

जळत्या घरात एकट्याने शिरायचं नसतं. जोडीने जायचं आणि बाहेर कोणीतरी लक्ष ठेवून हवं. पाठीवर श्वसनसंच असतो. त्यात ऑक्सिजन असतो हा गैरसमज. त्यात दाबून भरलेली साधी हवा असते. कागदावर तो अर्धा-पाऊण तास चालतो, पण वजन उचलून जिने चढणाऱ्या माणसाचा श्वास वाढतो आणि वेळ झपाट्याने कमी होतो. हे सगळं शिकावं लागतं. जवानांसाठी राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आहे, अधिकाऱ्यांसाठी नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. सहा महिन्यांचं शिक्षण नसलेल्या मुलाला बंबावर चढवणं हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि तो उघड बोलला गेला पाहिजे.

वर्दी नसते तेव्हा केंद्रात काय चालतं? पंप रोज सुरू करून पाहणं, पाइप वाळवणं, श्वसनसंचाचा दाब तपासणं, कवायत, शाळा-रुग्णालयांत प्रात्यक्षिकं. आणि थांबणं. ते थांबणंच आपण विकत घेतलेलं असतं, कारण आग वेळ सांगून येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरची आग विझवताना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात मुलांना घेऊन केंद्रावर जा. नळकांडं कसं वापरायचं ते जवान हातात देऊन शिकवतात.

साप, झाड, विहीर, टाकी

छोट्या शहरात दलाच्या नोंदवहीत आगीइतक्याच, कधी जास्त, दुसऱ्या वर्द्या असतात. मांज्यात अडकलेला पक्षी, विहिरीत पडलेली गाय, वादळात रस्त्यावर आडवं झालेलं झाड, अपघातात चेपलेल्या गाडीत अडकलेला चालक, सांडलेल्या तेलामुळे घसरणाऱ्या दुचाकी, विसर्जनाच्या घाटावरचा बंदोबस्त, पुरात बोट. यावर आक्षेप असतो की पक्ष्यासाठी बंब कशाला अडकवायचा? आक्षेप रास्त आहे, निदान एकच बंब असेल तिथे. अशा कामासाठी शिडी आणि दोर असलेलं लहान वाहन वेगळं ठेवणं हा त्यावरचा उपाय आहे, आणि सापासाठी सर्पमित्रांची मदत बहुतेक शहरांत मिळते. मात्र "आमचं काम आगीपुरतं" असं दल म्हणू शकत नाही. रात्री तीन वाजता दोर, शिडी, दिवा आणि तयार माणसं एकत्र असलेली शहरातली जागा तीच असते.

या यादीतलं सगळ्यात जीवघेणं काम म्हणजे शौचालयाच्या टाकीत, गटारात किंवा जुन्या विहिरीत उतरलेल्या माणसाला काढणं. तिथे सडण्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात, ऑक्सिजन कमी झालेला असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. एक जण आत कोसळतो, त्याचा भाऊ उतरतो, मग सोबतचा उतरतो, आणि एकाच टाकीत तीन-चार मृत्यू होतात. अशा बातम्या दरवर्षी येतात. नाकाला ओला रुमाल बांधून काहीही होत नाही; तिथे श्वासापुरती हवाच नसते. वरून दोर सोडा, १०१ लावा, आणि जो उतरायला निघालाय त्याला हाताला धरून थांबवा. हे करणं फार कठीण आहे, कारण आत त्याचाच माणूस असतो.

आग लागण्याआधीचं काम

दलाचं सगळ्यात मोठं काम कोणाला दिसत नाही, कारण ते यशस्वी झालं की काहीच घडत नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नावाचा कायदा आहे. रुग्णालय, मंगल कार्यालय, शाळा, मोठी व्यापारी संकुलं, उंच इमारती यांनी आगीपासून बचावाची साधनं बसवायची आणि ती चालू स्थितीत ठेवायची, ही जबाबदारी त्याने मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली आहे. साधनं चालू आहेत असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. त्याला ब नमुना म्हणतात. दिलं नाही तर नोटीस, वीज-पाणी तोडणं, धोका मोठा असेल तर इमारत सील करणं, इथपर्यंत अधिकार आहेत.

ना हरकत दाखला आणि ब नमुना यांत गल्लत होते. दाखला इमारत बांधताना मिळतो. त्यानंतर जिन्याखाली गोदाम झालं, मागच्या दाराला कुलूप लागलं, पंप गंजला, तरी भिंतीवरचा दाखला तसाच राहतो. ब नमुन्याने हे दर सहा महिन्यांनी पकडायचं असतं.

"पण हे सगळं कागदावरच होतं," असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि पुन्हा माणसं गेली. त्रुटी सापडणं आणि त्रुटी दूर होणं यांमध्ये निविदा, मंजुरी, निधी अशी लांब वाट असते, आणि ती वाट अग्निशमन अधिकाऱ्याच्या टेबलावरून जात नाही.

यात तुम्हाला करता येण्यासारखं बरंच आहे. रुग्णालयात किंवा कार्यालयात गेलात की नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पुढच्या भरणीची तारीख उलटून गेली का, मागचा जिना उघडा आहे का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. सोसायटीत होज पाइपची पेटी असेल तर वर्षातून एकदा व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं का ते सगळ्यांसमोर बघा.

बंब खेड्यात गेला, तर शहराचं काय?

नगरपरिषदेची हद्द संपते तिथे बहुतेक तालुक्यांत अग्निशमन सेवाही संपते. वीस-पंचवीस किलोमीटरवर ऊस पेटला, गोठा पेटला, वस्तीवर आग लागली, तर फोन याच केंद्राला येतो. काही नगरपरिषदा हद्दीबाहेर जाण्याचं शुल्क आकारतात, पण जळत्या गोठ्यासमोर पावतीची भाषा कोणी करत नाही, बंब जातो. तो परतेपर्यंत तास-दोन तास शहराला बंब नसतो. या काळात शहरात दुसरी वर्दी आली तर बातमीत छापलं जातं ते "बंब उशिरा".

यावरची व्यवस्था म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांना मदत करणं. पलीकडच्या नगरपरिषदेचा, एमआयडीसीचा, साखर कारखान्याचा बंब बोलावला जातो, पाण्याचे खासगी टँकर जोडले जातात. बहुतेक ठिकाणी हे ओळखीवर, फोनाफोनीवर चालतं. अधिकारी बदलला की ओळखी बदलतात. कोणाचा बंब बाहेर असेल तेव्हा कोणाचा बंब कुठे सज्ज राहील, खर्च कोणी द्यायचा, हे जिल्हा पातळीवर लेखी ठरलेलं असावं.

आणि पैसा? केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांतल्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अशा निधीतून वाहनं, उपकरणं, केंद्रं उभी राहू शकतात. चालकाचा पगार, डिझेल, टायर, फाटलेल्या पाइपांची बदली, हा रोजचा भार नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकावरच राहतो. अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभागृहापुढे येतं. त्यात अग्निशमनाच्या शीर्षाखाली वाहन खरेदीची रक्कम आणि मनुष्यबळाची रक्कम शेजारी ठेवून वाचा. मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातले प्रशिक्षित किती, रात्रपाळीला बंबावर किती जण असतात आणि मे महिन्यात टाकी कुठे भरतात, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते आणि नगरसेवकाला सभेत विचारायला लावता येते.